पक्षी लांब आहे, लांबच राहू दे

थंडी पडली की विचारणा सुरू होते. 'पक्ष्यांचे फोटो काढायचेत, कुठली टेलिफोटो घेऊ?' विचारणाऱ्याचं निम्मं ठरलेलं असतं: ६०० मिमी. त्याला फक्त कंपनीचं नाव हवं असतं. कुठे जाणार, काय टिपणार, हाताला किती वजन पेलतं, पहाटे तिथे उजेड किती असतो, यातलं काहीच ठरलेलं नसतं. दुकानदारही ते विचारत नाही. तो बजेट विचारतो.

माझं म्हणणं असं: लेन्स मिलिमीटर बघून घेऊ नये, अंतर बघून घ्यावी. आपण ज्या पाणथळीवर, ज्या माळावर, ज्या जंगलात खरोखर जातो, तिथले पक्षी माणसापासून किती लांब राहून आपलं खाणंपिणं चालू ठेवतात, ते आधी नजरेने पाहावं. त्या अंतराला पुरेल ती लेन्स आपली. बाकी सगळा बाजार.

हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. लेन्सचे मिलिमीटर भागिले अंतर, गुणिले पक्ष्याची लांबी. आपला नेहमीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर. तो २० मीटरवर तारेवर बसलाय. ४०० मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर ५.६ मिलिमीटर पडते, ६०० ने ८.४. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते. म्हणजे सहाशेनेसुद्धा खंड्या चौकटीचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापतो. आता तोच खंड्या १० मीटरवर येऊन बसला, तर ४०० ने ११.२ मिलिमीटर. चारशेवरून सहाशेवर गेलात की पक्षी दीडपट होतो, अंतर निम्मं झालं की दुप्पट.

हे कळलं की बहुतेक जण चुकीचा धडा घेतात आणि चालायला लागतात. अंतर पक्ष्याने कमी करायचं असतं, आपण नव्हे. आणि पक्षी ते करतात, फक्त कधी आणि का करतात हे माहीत असावं लागतं.

शिवडीचं उदाहरण घ्या. ओहोटीला रोहित पक्षी चिखलात पार आत गेलेले असतात. तिथे ८०० मिमी लावली तरी गुलाबी ठिपकेच मिळतात. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी चिखलाबरोबर काठाकडे सरकत येतात. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास गाठले, तर साध्या १००-४०० मध्ये पिसं दिसतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फुकट मिळतं, आणि ते न बघता दोन-तीन लाखांची लेन्स घेऊन भर ओहोटीला धक्क्यावर उभी राहिलेली माणसं दर हिवाळ्यात दिसतात. ठाण्याच्या खाडीतही तेच. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, ऐरोलीहून होड्या सुटतात. त्या होड्यांच्या वेळाही पाण्यावर ठरतात, आपल्या रविवारवर ठरत नाहीत.

आता भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या काठावरून पहाटे होड्या निघतात. होडीवाले बहुतेक मूळचे मच्छीमार. पाणी, पाखरं, वारा सगळं त्यांना पाठ. होडी सत्तर-ऐंशी मीटरवर आली की समोरचा थवा खाणं थांबवत नाही. माना खाली, चोची उलट्या करून चिखलपाणी गाळणं चालू. पन्नास मीटरवर काही माना वर येतात. आणखी पुढे गेलं की सगळ्याच माना वर, आणि थवा एका बाजूला चालायला लागतो. ही त्यांची सूचना आहे. इथे होडी थांबायला हवी. नेमक्या याच वेळी पुढच्या फळीवरून आवाज येतो, 'दादा, अजून थोडं आत घ्या ना.' होडीवाला सांगतो, 'सायेब, उडत्याल पाखरं.' त्यावर उत्तर येतं, 'उडू देत की, तेच तर पाहिजे.'

मला या वाक्याचा राग येतो. मोठा रोहित उडताना पाण्यावरून पावलं टाकत धावतो, जड अंग उचलायला त्याला जोर लागतो. एका सकाळी दहा होड्यांनी दहादा उठवलं, तर त्याने खायचं कधी? आणि ज्यासाठी हे केलं तो फोटो तरी कसा येतो? सगळ्यांच्या पाठी. उठवलेला पक्षी नेहमी आपल्यापासून दूर उडतो.

त्रैराशिक पुन्हा मांडा. मोठा रोहित मान वर करून उभा असला की सहज सव्वा मीटरहून उंच. ६० मीटरवर ४०० मिमीच्या लेन्सने तो सेन्सरवर साडेआठ मिलिमीटर येतो, ६०० ने साडेबारा. म्हणजे सहाशेवाल्याची अर्धी चौकट एका पक्ष्याने भरली, तीही थव्याला न हलवता. पुढे जायची गरजच काय? थवा, पाणी, उगवतीचा रंग हवा असेल तर शंभर-दोनशे मिलिमीटर पुरतात, आणि भिगवणचे सर्वात सुंदर फोटो त्याच टप्प्यातले आहेत. पण सहाशे गळ्यात असताना दोनशेवर फोटो काढणं अनेकांना कमीपणाचं वाटतं.

ताडोब्यात गणित उलटं फिरतं. वाघ रस्त्यावरून चालत येतो आणि जिप्सीपासून पंधरा मीटरवर आडवा उभा राहतो. शेपूट सोडून त्याचं अंग पावणेदोन-दोन मीटर. सहाशे लावलीत तर त्याची प्रतिमा सत्तर मिलिमीटरच्या घरात जाते आणि सेन्सरची रुंदी आहे ३६. अर्धा वाघ बाहेर. तिथे दोनशे पुरते. ताडोबा, पेंच, मेळघाटसाठी १००-४०० किंवा १००-५०० हीच शहाणी निवड. जवळचा वाघ शंभरात मावतो, लांबचं रानगव्यांचं खांड चारशेत येतं, आणि मे महिन्याच्या धुळीत लेन्स बदलायची वेळ येत नाही. झूम न होणारी एकच प्राइम घेऊन गेलेल्या माणसाला वाघ जवळ आल्याचं दुःख होताना मी पाहिलंय.

तिथेही अंतराचाच प्रश्न आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या जिप्सींमध्ये लांब लेन्सा नव्हत्या असं कुणी म्हणणार नाही. लांब लेन्स हातात असलेल्या माणसानेच गाडी पुढे घ्यायला सांगावं, हे मला कधी कळलेलं नाही.

जिप्सीत ट्रायपॉडचा उपयोग शून्य. बीन बॅग न्या. रिकामी न्या आणि मुक्कामाच्या गावात दोन किलो तांदूळ भरून घ्या. आडव्या नळीवर ती टाकून लेन्स टेकवली की हाताचा ताण जातो. परतताना तांदूळ तिथेच कुणाला तरी द्या. होडीतही ट्रायपॉड उघडू नका. इंजिनची थरथर पायांतून थेट लेन्सपर्यंत येते. होडीत हातच बरा.

सासवड, जेजुरी, सुप्याच्या माळावर गाडी हीच लपण. धाविक, चंडोल, भोवत्या, कधी खोकड, हे सगळे उभ्या माणसाला बघून पळतात आणि थांबलेल्या गाडीकडे दुर्लक्ष करतात. काच खाली, बीन बॅग दारावर, इंजिन बंद. चारशे-पाचशेत काम होतं. गाडी मात्र मळलेल्या वाटेवरच ठेवा. माळावर चाक घातलं की टिटवीची, धाविकाची जमिनीवरची अंडी चाकाखाली जातात, आणि ती दगडांसारखीच असल्यामुळे गेल्याचं कळतही नाही.

सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत तर सहाशेपेक्षा उजेड महाग. दुपारच्या वेळी पाण्यावर उतरणारे नर्तक, नाचण, निळे माशीमार सहा-सात मीटरवर येतात. त्यांना चारशे भरपूर. अडचण सावलीची आहे. एफ/६.३ वर शटर १/२५० ठेवायचं म्हटलं तरी आयएसओ तीन हजार, सहा हजार दाखवतो. तिथे मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे आहेत. विणीच्या दिवसांत तो आवाज म्हणजे दुसऱ्या नराने घरात पाऊल टाकल्याची बातमी. पक्षी घरटं सोडून भांडायला येतो आणि हे म्हणतात, छान पोझ दिली.

आणि आता ज्याच्यासाठी मला हे लिहायचंच होतं, तो तिबोटी खंड्या. १३ सेंटिमीटरचा जीव, चिमणीपेक्षाही लहान. जूनच्या पावसाबरोबर कोकणात उतरतो आणि पऱ्याच्या कडेला मातीच्या दरडीत बीळ खोदून वीण काढतो. नारिंगी, जांभळा, निळा असे सगळे रंग एकाच पक्ष्यात. त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या त्या पऱ्यांकडे वळतात.

बिळापासून चार मीटरवर ट्रायपॉडांची रांग लागते. मधली फांदी आड येते म्हणून कापली जाते. बिळासमोर बसायला सोयीची काठी रोवली जाते. मग आई किंवा बाप चोचीत सापसुरळी धरून येतो, समोरच्या फांदीवर बसतो आणि बसूनच राहतो. मान खालीवर करतो, माणसांकडे बघतो, बिळाकडे बघतो. आत पिल्लं ओरडतायत. तो जात नाही. फ्लॅश उडतात. चोचीत भक्ष्य धरून बसलेल्या खंड्याचे जे सुरेख फोटो आपण वाखाणतो, त्यांतले कित्येक अशा अडवलेल्या पक्ष्याचे असतात. एवढा वेळ निवांत बसून त्याने फोटो दिला, कारण त्याला घरी जायला वाट नव्हती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. फांदी कापून, काठी रोवून घरट्यासमोर रांग लावणाऱ्याने आपण कुठल्या व्याख्येच्या किती जवळ उभे आहोत ते वाचून घ्यावं.

या पक्ष्यासाठी कुठली लेन्स, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: घरट्यावर कुठलीच नाही. घरट्यापासून दूर, पऱ्याच्या खालच्या अंगाला तो मासे-बेडकांसाठी बसतो त्या जागा शोधा. दहा मीटरवरून ६०० मिमीने तो सेन्सरवर पावणेआठ मिलिमीटर भरतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते तेराशे पिक्सेल होतात. मासिकाच्या पानाला तेवढे चालतात. घरी भिंतीवर लावायलाही चालतात.

आता बाजारातल्या मालाकडे.

वजनापासून सुरू करू, कारण लेन्स घरी पडून राहते ती वजनामुळे. ६०० मिमी एफ/४ ही प्राइम आजच्या हलक्या अवतारातही तीन किलोंच्या वर भरते आणि किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास निदान १५० मिलिमीटर असावाच लागतो, सहाशे भागिले चार. वजन आणि किंमत दोन्ही या काचेतून येतात. एफ/६.३ केलं की तोच आकडा ९५ वर येतो आणि लेन्स दोन किलोंच्या आसपास आटोपते. बदल्यात उजेड जातो: एफ/४ मधून एफ/६.३ च्या अडीचपट प्रकाश येतो. पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात आणि झाडीतल्या सावलीत हा फरक खरा आहे. पण त्या अर्ध्या तासासाठी दहा लाख मोजणं, तीन किलोंचं धूड खांद्यावर घेऊन चालणं, हे ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांनी करावं. हौशी माणसाने या रकमेत पंधरा वर्षं जंगल हिंडावं.

निकॉनची झेड १८०-६००, सोनीची २००-६००, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० या सगळ्या दोन किलोंच्या आगेमागे आहेत. कॅननची आरएफ १००-५०० तर दीड किलोच्याही आत. माझ्या मते शंभरातल्या नव्वद हौशी फोटोग्राफरांची लेन्स या ओळीत आहे. सिग्मा-टॅमरॉन नवीनच लाखाच्या घरात मिळतात, बाकीच्या त्याहून बऱ्याच वर. खरेदीआधी घरी एक चाचणी करा. दोन किलोची साखरेची पिशवी आणि त्यावर आपला कॅमेरा, एवढं वजन डोळ्यांच्या उंचीला धरून पाच मिनिटं उभे राहा. हात थरथरायला लागला तर दीड किलोच्या आतलं बघा. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ २०१८ मध्ये आली तेव्हा तिच्या वजनाची एवढी चर्चा झाली ती यासाठीच: १.४६ किलो. ती आता वापरलेली मिळते आणि एफटीझेड अडॅप्टरने मिररलेसवरही चालते.

क्रॉप सेन्सरवाल्यांनी न्यूनगंड बाळगू नये. दीडपट क्रॉपवर ४०० ची लेन्स ६०० एवढीच चौकट दाखवते, मायक्रो फोर थर्ड्समध्ये ३०० ची लेन्सही तेच करते. उजेड कमी असताना फुल फ्रेम वरचढ, हे खरं. पण हलका संच रोज बाहेर निघतो, आणि पक्षी रोज बघणाऱ्याला त्यांचं अंतर कळतं.

२०२० च्या सुमारास एक मोठा बदल झाला, तो जुन्या सल्ल्यांत सापडत नाही. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू एफ/५.६, फार तर एफ/८ पर्यंतच धड चालायचे. म्हणून एफ/५.६ च्या पलीकडची लेन्स घेऊ नका, असं जाणकार सांगायचे. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवर होतो आणि ती मर्यादा गेली. कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवायला लागला. त्यामुळेच कॅनन २०२० मध्ये ६०० मिमी आणि ८०० मिमीच्या एफ/११ लेन्सा आणू शकली. सहाशेवाली ९३० ग्रॅमची, पर्समध्ये मावेल एवढी. भर उन्हात, बसलेल्या पक्ष्यावर त्या छान चालतात. पहाटे आणि झाडीत मात्र हात टेकतात, कारण एफ/६.३ च्या मानाने तिथे एक तृतीयांशच उजेड उरतो. आठशेवाली तर सहा मीटरच्या आतला पक्षी फोकसच करत नाही. माळ आणि पाणथळीसाठी घ्या, सह्याद्रीच्या झाडीसाठी घेऊ नका.

टेलिकन्व्हर्टर झूमला लावू नका. १.४ चा लावला की एक स्टॉप गेला, सहाशेवर एफ/६.३ चं एफ/९ झालं. दोनचा लावला की दोन स्टॉप. शिवाय झूमचं लांबचं टोक तसंही थोडं मऊ असतं, त्या मऊपणालाच तुम्ही मोठं करता. कन्व्हर्टर एफ/४ च्या प्राइमचा धंदा आहे.

स्थिरीकरणाच्या जाहिरातींना भुलू नका. ते तुमचा हात स्थिर करतं, पक्षी स्थिर करत नाही. उडत्या बगळ्याला १/१६००, वेड्या राघूला १/३२०० लागतोच. आणि सकाळी साडेनऊनंतर उजनीच्या पाण्यावरून किंवा माळावरून हवा तापून उकळायला लागली की शंभर मीटरवरचा फोटो कुठल्याही किमतीच्या लेन्सने गढूळच येतो. अशा वेळी लोक लेन्सला शिव्या देत सर्व्हिस सेंटर गाठतात. दोष उन्हाचा असतो. कॅमेरा मिटा आणि पोहे खा.

तीन हजार मिलिमीटर लिहिलेले, लेन्स कायमची जोडलेले कॅमेरेही आहेत. निकॉनचा पी १००० त्यांतला नावाजलेला. त्याची खरी फोकल लेंग्थ ५३९ मिमी. सेन्सर नखाएवढा, म्हणून हिशोबाने तो आकडा तीन हजार होतो. पक्षी ओळखायला, नोंद ठेवायला, निवृत्तीनंतर छंद लागलेल्या माणसाला तो उत्तम कॅमेरा आहे, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्या सहाशेवाल्यांपेक्षा त्याच्या मालकाला पक्षी जास्त ओळखता येतात, असं मी अनेकदा पाहिलंय.

वापरलेली लेन्स जरूर घ्या. डीएसएलआरच्या लेन्सा लोक विकून मिररलेसवर चाललेत, निकॉनची २००-५०० एफ/५.६ त्यामुळे चांगल्या भावात सुटते. पण आपल्याकडे बुरशी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळे बॅगेत बंद राहिलेली लेन्स आतून जाळी धरते. मागचं-पुढचं झाकण काढा, ॲपर्चर उघडं ठेवा, मोबाइलची बत्ती मागून तिरकी मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स परत ठेवा आणि नमस्कार करा. फोर्टातल्या बोरा बाजारात असाल तर दुकानात बसून काउंटरचे फोटो काढू नका, रस्त्यावर या. समोरच्या गच्चीवर कावळा बसलेला असतोच. लेन्स सर्वात लांब टोकाला न्या, ॲपर्चर पूर्ण उघडा, कावळ्याच्या डोळ्यावर दहा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठे करून बघा. दहातले सात-आठ धारदार आले तर बोलणी करा. वॉरंटी कुणाची, आयातदाराची की दुकानाची, तेही लिहून घ्या. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

त्याआधी एक खर्च करा. ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, दहा-पंधरा हजारांत चांगली येते. एक हिवाळा फक्त तिने बघा. सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये आलं, तेव्हापासून या देशातल्या कितीतरी माणसांना पक्षी कळले ते एक पुस्तक आणि एक दुर्बीण घेऊन. त्या हिवाळ्यात तुमचं तुम्हाला कळेल: आपल्याला पाणपक्षी ओढतात की झाडीतले, पहाटे चारला उठवतं का, चिखलात बसवतं का. मग ज्या लेन्सवर मन जाईल ती एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत लेन्सा भाड्याने मिळतात. भाडं काही हजार, चुकीच्या खरेदीचा फटका लाखाचा.

आता निकाल. पाणथळ आणि माळ हेच तुमचं मैदान असेल तर १५०-६०० किंवा २००-६०० घ्या. जंगल आणि सह्याद्रीची झाडी असेल तर १००-४०० किंवा १००-५००. दोन्हीकडे जात असाल तर १००-५०० आणि क्रॉप सेन्सरचा कॅमेरा. पाठ दुखत असेल तर एफ/११ आणि भरपूर ऊन. घरटी टिपायची असतील तर पैसे बँकेत ठेवा.

आणि या हंगामात भिगवणला, ऐरोलीला, ताडोब्याला जाल तेव्हा होडीत किंवा जिप्सीत बसतानाच दादांना सांगून टाका, 'आम्हाला जवळ नको. पाखरं खात राहतील एवढ्याच अंतरावर थांबा.' त्यांना हे ऐकायची सवय नाही, पहिल्यांदा ते तुमच्याकडे बघतील. उतरताना ठरलेल्या पैशांवर शंभर रुपये जास्त द्या आणि कशासाठी दिले तेही सांगा.